अकरा आणि चोवीस: टेनिसमधल्या तुलनेची पार्श्वभूमी

मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन टेनिस स्पर्धेची पुरुषांची अंतिम फेरी आपल्याकडे जानेवारीअखेर दुपारी दोनला सुरू होते. नागपुरात ती जेवण उरकून अंगणात उन्हाला खुर्ची टाकायची वेळ. सामना संपला की संध्याकाळी रामनगरच्या कोर्टवर चेंडूपेक्षा आकडेच जास्त उडतात. मोठ्या स्पर्धांचे किताब कुणाचे किती: जोकोविच चोवीस, नदाल बावीस, फेडरर वीस. मग एखादे ज्येष्ठ सभासद जुन्या काळच्या ऑस्ट्रेलियन रॉड लेव्हरचं नाव काढतात, एखादा पोरगा मोबाइलवर बघून सांगतो, "काका, त्याचे तर अकराच आहेत," आणि विषय तिथेच मिटतो. लेव्हरचे अकराच का, याचं उत्तर मात्र त्या मोबाइलच्या पडद्यावर नसतं. ते शोधायला साठ-सत्तर वर्षं मागं जावं लागतं आणि सुरुवात एका शब्दापासून करावी लागते.

तो शब्द 'हौशी'. आपल्या कानाला हौशी म्हणजे राज्य नाट्य स्पर्धेतला संघ. दिवसभर ऑफिस, रात्री तालीम, नेपथ्याला घरचीच सतरंजी. व्यावसायिक ही त्याच्या वरची पायरी. टेनिसमध्ये १९६८ पर्यंत हे नेमकं उलटं होतं. विम्बल्डन, फ्रेंच, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन या चारही मोठ्या स्पर्धा आणि देशोदेशींच्या संघांमधला डेव्हिस चषक फक्त हौशींसाठी होते. बक्षिसाची रक्कम घेऊन खेळायचा करार कुणी केला की त्याच्यासाठी ही सगळी दारं बंद. पुढच्या वर्षी तो विम्बल्डनचा गतविजेता असला तरी त्याला कोर्टवर पाऊल ठेवता येत नसे.

बरं, हे हौशी खरंच पदरमोड करून खेळत होते का? नाव असलेल्या खेळाडूला प्रवासखर्चाच्या नावाखाली पाकिटं मिळत, आयोजक देत आणि संघटना तिकडे काणाडोळा करत. म्हणजे पैसा दोन्हीकडे होता. पावती दाखवून घेणारा बाहेर आणि टेबलाखालून घेणारा आत, एवढाच फरक. तो कित्येक दशकं 'खेळाची शुचिता' म्हणून जपला गेला. मला हा टेनिसच्या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो आणि आजच्या सगळ्या याद्यांमध्ये तो मुरलेला आहे.

१९२६ मध्ये विम्बल्डन विजेती सुझान लेंगलेनने पैसे घेऊन अमेरिकेचा दौरा केला, तेव्हापासून ही गळती सुरू झाली. टिल्डन, पेरी, बज, क्रेमर असे त्या त्या काळचे सर्वोत्तम खेळाडू एकेक करून व्यावसायिक झाले. त्यांचं जगणं फिरत्या तंबूतल्या नाटक कंपनीसारखं होतं. आज या गावात, उद्या त्या गावात. एखाद्या बंदिस्त सभागृहात कॅनव्हासचं कोर्ट अंथरायचं, सामना खेळायचा, कोर्ट गुंडाळायचं आणि रातोरात पुढचं गाव गाठायचं. तेच दोघे महिनोन् महिने एकमेकांविरुद्ध खेळत. १९४९-५० च्या अशा दौऱ्यात क्रेमरने पाँचो गोन्झालेसला ९६-२७ असं हरवलं. एका सेटचे नव्हेत, हे सामन्यांचे आकडे आहेत. गोन्झालेस तेव्हा एकवीस वर्षांचा, अमेरिकन स्पर्धा लागोपाठ दोनदा जिंकलेला. नंतर पन्नाशीच्या दशकातला बहुतेक काळ तो या मंडळींमध्ये सर्वांत वरचढ मानला गेला. किताबांच्या यादीत त्याच्या नावापुढे दोन आहेत आणि दोनच राहतील.

हे सगळं १९६० मध्येच थांबू शकलं असतं. त्या वर्षी जुलैत पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सभेपुढे ठराव आला की काही निवडक स्पर्धा दोघांनाही खुल्या कराव्यात. दोन तृतीयांश मतं हवी होती. ठराव पाच मतांनी पडला. फक्त पाच. या पाच मतांवर कुणी फारसं बोलत नाही, पण आज आपण ज्या याद्या घोकतो त्यातली निम्म्याहून अधिक गणितं तिथं ठरली आहेत.

कशी, ते लेव्हरवरूनच बघा. १९६२ मध्ये त्याने एकाच वर्षात चारही स्पर्धा जिंकल्या आणि वर्षअखेर तो व्यावसायिक झाला. १९६३ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेपासून १९६८ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेपर्यंत एकवीस मोठ्या स्पर्धा झाल्या आणि त्यातली एकही त्याला खेळता आली नाही. वय चोवीस ते एकोणतीस, म्हणजे खेळाडूच्या आयुष्यातला पिकता काळ. दारं उघडल्यावर त्याने १९६८ चं विम्बल्डन घेतलं आणि १९६९ मध्ये पुन्हा चारही. सहा आधीचे आणि पाच नंतरचे मिळून अकरा. मधली पाच वर्षं कोरी.

त्याच पाच वर्षांत त्याचाच देशबंधू रॉय इमर्सनने दहा किताब जिंकले. त्याचे एकूण बारा, आणि हा बाराचा विक्रम २००० पर्यंत टिकला. इमर्सन लहान खेळाडू होता असं मी म्हणत नाही. त्याची तंदुरुस्ती हा त्या काळी सर्वांना धाक होता. पण लेव्हर, रोझवॉल, गोन्झालेस समोर नसताना जिंकलेले दहा आणि सगळे समोर असताना जिंकलेले दहा एकाच रकान्यात लिहायचे, तर रकान्याच्या डोक्यावर काहीतरी खूण हवी.

केन रोझवॉलचं उदाहरण तर जीव कासावीस करतं. चार किताब १९५६ पर्यंतचे, चार १९६८ पासूनचे, मधे अकरा वर्षं आणि पंचेचाळीस स्पर्धा कोऱ्या. १९७४ मध्ये, एकोणचाळीस वर्षांचा असताना, तो विम्बल्डन आणि अमेरिकन अशा दोन्ही अंतिम फेऱ्यांत पोचला. विम्बल्डन त्याला कधीच मिळालं नाही.

दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण लेव्हरचे चाहते ती गाळतात. १९६३ च्या सुरुवातीला चारही किताब खिशात घेऊन तो व्यावसायिकांमध्ये गेला, तेव्हा लू होडने त्याला ८-० आणि रोझवॉलने ११-२ असं हरवलं. म्हणजे १९६२ मध्ये सगळं जिंकणारा हा माणूस त्या वर्षी जगातला सर्वोत्तम नव्हताच. स्पर्धा खुल्या असत्या तर त्याचं १९६२ चं यश तसंच राहिलं असतं का, शंका आहे. आणि एप्रिल १९६८ मध्ये इंग्लंडच्या बोर्नमथला पहिली खुली स्पर्धा झाली, तेव्हा मार्क कॉक्स नावाच्या हौशी खेळाडूने गोन्झालेसला आणि मग तोवर व्यावसायिक झालेल्या इमर्सनलाही हरवलं. त्यामुळे व्यावसायिक म्हणजे अजिंक्य हेही खरं नाही. कुणाच्या नावावर मनाने दहा-पंधरा किताब चढवायचा अधिकार आपल्याला नाही. कोऱ्या जागा कोऱ्याच ठेवून वाचायच्या.

दार उघडलं ते एकदम सताड उघडलं असाही समज आहे. तसं झालं नाही. १९६७ च्या ऑगस्टमध्ये विम्बल्डनच्या मुख्य कोर्टवर आठ व्यावसायिकांची स्पर्धा झाली, प्रेक्षक लोटले, आणि डिसेंबरमध्ये ब्रिटिश संघटनेने हा भेदच मोडीत काढला. मार्च १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेला मान तुकवावी लागली. पण तिने खेळाडूंचे चार वर्ग पाडले. हौशी, शिकवणारे व्यावसायिक, खासगी करारातले व्यावसायिक, आणि 'नोंदणीकृत' नावाचा एक मधलाच वर्ग, ज्याला बक्षीस घेता येई आणि तरी राष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली राहता येई. याचा कळस त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेत झाला. आर्थर अ‍ॅश विजेता, पण हौशी, म्हणून त्याला मिळाला फक्त रोजचा वीस डॉलर भत्ता. विजेत्याचे चौदा हजार डॉलर गेले हरलेल्या टॉम ओकरकडे, कारण तो नोंदणीकृत होता.

पुढं १९७२ मध्ये करारातल्या व्यावसायिकांवर पुन्हा काही महिने बंदी आली आणि आदल्या वर्षीचा विजेता जॉन न्यूकम विम्बल्डनला नव्हता. १९७३ मध्ये एका खेळाडूच्या निलंबनावरून ऐंशीच्या आसपास जणांनी विम्बल्डनवर बहिष्कार घातला. त्याच विम्बल्डनला आपला विजय अमृतराज उपांत्यपूर्व फेरीत पोचला आणि पुढं विजेता ठरलेल्या कोडेशकडून पाचव्या सेटमध्ये ५-७ ने हरला. बहिष्काराचं वर्ष म्हणून त्याचं ते यश कमी लेखायचं का? दोनच महिन्यांनी अमेरिकन स्पर्धेत त्याने लेव्हरला हरवलं आणि तिथंही उपांत्यपूर्व फेरी गाठली. यावर वेगळं बोलायला नको. रामनाथन कृष्णनचं उलटं झालं. १९६० आणि १९६१ मध्ये तो विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेला. १९६१ ला वाटेत इमर्सनला हरवलं आणि लेव्हरकडून हरला. या दोन्ही उपांत्य फेऱ्या व्यावसायिकांविना झालेल्या विम्बल्डनच्या, हे आपलं माणूस असलं तरी सांगायला हवं.

किताब मोजायची ही सवयसुद्धा जुनी नाही. 'ग्रँड स्लॅम' हा शब्द ब्रिजच्या पत्त्यांमधून आला आणि त्याचा अर्थ होता एका वर्षात चारही स्पर्धा. बज १९३८, कॉनोली १९५३, लेव्हर दोनदा, मार्गारेट कोर्ट १९७० आणि स्टेफी ग्राफ १९८८. एकेरीतली यादी इथंच संपते. १९८४ मध्ये नवरातिलोव्हाने फ्रेंच जिंकून चारही किताब एकाच वेळी आपल्याकडे आणले. वर्ष मात्र एक नव्हतं. तिला दहा लाख डॉलरचं जाहीर झालेलं बक्षीस मिळालं आणि याला ग्रँड स्लॅम म्हणायचं का यावर बरीच चकमक झाली. आज आपण एकेका स्पर्धेलाच ग्रँड स्लॅम म्हणतो आणि 'चोवीस ग्रँड स्लॅम' बिनदिक्कत बोलतो.

जुन्या खेळाडूंना हे मोजमाप माहीतच नव्हतं, म्हणून त्यांनी त्या हिशोबाने आयुष्य आखलं नाही. बोर्ग ऑस्ट्रेलियन स्पर्धा एकदाच खेळला, कॉनर्स दोनदाच. लांबचा प्रवास, बक्षीस बेताचं, आणि १९७७ पासून काही वर्षं ती डिसेंबरमध्ये, ऐन नाताळाच्या तोंडावर. १९८६ मध्ये तर ती झालीच नाही. मेलबर्नचं नवं संकुल १९८८ ला उभं राहिलं, तेव्हा कुठं सगळे नियमाने जायला लागले. बोर्गचे अकरा म्हणजे वर्षाला बहुतांशी तीनच स्पर्धा खेळून मिळवलेले अकरा.

महिलांच्या बाजूला हीच अडचण मार्गारेट कोर्टच्या चोवीसवर आणि सेरेना विल्यम्सच्या तेवीसवर येऊन थांबते. कोर्टचे तेरा खुल्या काळाआधीचे, अकरा नंतरचे. एकूण अकरा एकट्या ऑस्ट्रेलियातले, जिथं साठीच्या दशकात बाहेरच्या अव्वल खेळाडू क्वचितच जात. सेरेनाचे सगळे खुल्या काळातले. मला सेरेनाचे तेवीस जड वाटतात, पण कोर्टने १९७० मध्ये चारही घेतले तेव्हा दारं उघडी होती हेही विसरून चालत नाही.

साधनांबद्दल थोडं. आमच्या घरी वडिलांची लाकडी रॅकेट आहे, अजून जुन्या चौकटीत आवळलेली. चार कोपऱ्यांना चार स्क्रू. पावसाळ्यात ते सैल राहिले तर रॅकेट वाकायची आणि आतड्याची तार दमटपणाने ढिली पडायची, म्हणून जून लागला की वडील रोज रात्री स्क्रू चाचपायचे. मुलीच्या रॅकेटवर ती ठेवली की या जुन्या रॅकेटचं डोकं जेमतेम दोन तृतीयांश भरतं आणि हातात मात्र ती स्पष्ट जड लागते. मुलीने त्या रॅकेटने एक टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला फिरकी देणारा फटका, मारून पाहिला. चेंडू लाकडाच्या कडेला लागला आणि मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. १९८३ ला यानिक नोआने लाकडी रॅकेटने फ्रेंच जिंकली, ती पुरुषांमधली शेवटची. पुढं १९९७ ला कुएर्तेन पॉलिएस्टरच्या तारा लावून तीच स्पर्धा जिंकला आणि चेंडूला फिरकी देण्याचं सगळं शास्त्रच बदललं.

कोर्टही बदलली. १९७४ पर्यंत चारपैकी तीन स्पर्धा गवतावर होत, म्हणजे लेव्हरची चार दोनच पृष्ठभागांवरची. विम्बल्डनने २००१ मध्ये गवताचं वाण बदललं, चेंडूची उसळी जास्त भरवशाची झाली, आणि मातीवरचा खेळ गवतावरही चालायला लागला. नदाल, फेडरर, जोकोविच यांनी सगळीकडे जिंकलं यात याचा वाटा आहे. वाटा म्हणतोय, एकमेव कारण म्हणत नाही. विसाव्या शतकाच्या आधीचं तर बोलायलाच नको. विल्यम रेनशॉच्या सात विम्बल्डनांपैकी बरीचशी एकेक सामना खेळून मिळालेली, कारण गतविजेता थेट अंतिम सामन्यातच उतरायचा. ही पद्धत १९२२ ला गेली.

आता नवी पिढी आहे. २०२४ आणि २०२५ मधल्या आठही मोठ्या स्पर्धा अल्काराझ आणि सिनर या दोघांनी आपसात वाटून घेतल्या, चार-चार. त्यांचे आकडे मोजायला आपण आत्ताच सुरुवात केली आहे.

जुनी खाती अजून उघडली जातात, हे मात्र नोंदवायला हवं. संगणकाची क्रमवारी पुरुषांसाठी १९७३ ला आली, महिलांसाठी १९७५ ला. २००७ च्या डिसेंबरमध्ये जुने कागद चाळताना सापडलं की १९७६ मध्ये दोन आठवडे इव्होन गुलागाँग पहिल्या क्रमांकावर होती आणि ते कधी नोंदलंच गेलं नाही. एकतीस वर्षांनी तिला तो मान देण्यात आला. अर्जेंटिनाच्या गिलेर्मो विलासने १९७७ मध्ये फ्रेंच आणि अमेरिकन या दोन्ही स्पर्धा जिंकल्या, पण तेव्हाची क्रमवारी सरासरीवर चालायची आणि वरती कॉनर्सच राहिला. विलासच्या देशातल्या एका पत्रकाराने वर्षानुवर्षं खपून त्या काळात प्रसिद्धच न झालेल्या आठवड्यांची गणितं मांडली. पुरुषांच्या संघटनेने ती मान्य केली नाहीत, आणि पहिल्या क्रमांकाच्या यादीत विलासचं नाव नाही.