चार व्होल्टच्या बॅटरीतून दोन हजार व्होल्ट

घरातल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात आणि त्यांच्या झटक्यानं माणूस दगावू शकतो. मग खोक्यावर ठळक '२००० व्होल्ट' छापलेली डास मारायची बॅट किती घातक असेल! हा प्रश्न इतक्या वेळा कानावर येतो की त्याचं उत्तर नीट, सविस्तर द्यावंसं वाटतं. कारण दोन-तीनशे रुपयांच्या या वस्तूच्या दांड्यात भौतिकशास्त्राचा एक फार सुंदर नमुना आहे.

दांड्यात साधारण ४ व्होल्टची बॅटरी असते. तिचा प्रवाह स्थिर असतो आणि व्होल्ट वाढवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला बदलता प्रवाह लागतो. म्हणून बटण दाबताच एक ट्रान्झिस्टर हा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करू लागतो. बदल इतक्या वेगानं होत असल्यामुळे फेराइट या चुंबकीय पदार्थाचा अगदी चिमुकला ट्रान्सफॉर्मरही पुरतो. तो ४ व्होल्टचे काहीशे व्होल्ट करतो. तिथून पुढे डायोड आणि कपॅसिटर यांची साखळी सुरू होते, आणि खरी मौज तिच्यात आहे.

डायोड प्रवाहाला एकाच दिशेनं जाऊ देतो, कपॅसिटर विद्युतभार साठवतो. उंच इमारतीत प्रत्येक मजल्यावर एक टाकी ठेवली, पाणी परत खाली येऊ न देणाऱ्या झडपा बसवल्या आणि एकाच लहान पंपानं मजल्यामजल्यानं पाणी वर चढवलं, तर जे होईल तेच इथे होतं. बदलत्या प्रवाहाच्या पहिल्या अर्ध्या आवर्तनात पहिला कपॅसिटर ट्रान्सफॉर्मरच्या कमाल विद्युतदाबाइतका, म्हणजे व्होल्टइतका, भरतो. दुसऱ्या अर्ध्या आवर्तनात ट्रान्सफॉर्मरची टोकं उलटतात, त्यांचा दाब आणि पहिल्या कपॅसिटरचा दाब यांची बेरीज होते आणि दुसरा कपॅसिटर दुप्पट दाबानं भरतो. डायोड-कपॅसिटरची आणखी एक जोडी लावली की तिप्पट, मग चौपट. स्विस शास्त्रज्ञ हाइनरिख ग्राइनाखर यांनी ही रचना शोधली. तीच मोठ्या आकारात उभारून केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ मध्ये प्रोटॉनना वेग दिला आणि लिथियमचं अणुकेंद्रक फोडलं. त्यांना १९५१ चं नोबेल मिळालं. अणुकेंद्रक फोडणारं सर्किट आज आपण डासामागे धावताना हातात धरतो!

साखळीतून आलेला हा दाब जाळीला दिलेला असतो. बऱ्याच बॅटमध्ये जाळीचे तीन थर असतात: मधला एका ध्रुवाचा, बाहेरचे दोन्ही दुसऱ्या ध्रुवाचे. कोरड्या हवेत ठिणगी पडायला दर मिलिमीटरला सुमारे ३००० व्होल्ट लागतात आणि थरांमध्ये काही मिलिमीटर अंतर असतं, म्हणून एरवी काहीच होत नाही. डास मध्ये शिरला की त्याचं ओलसर शरीर ते अंतर बरंचसं भरून काढतं आणि उरलेल्या फटीतून ठिणगी उडते. त्या वाटेवरची हवा क्षणात हजारो अंश तापून फुगते, तोच 'चट्' आवाज. आकाशातला गडगडाटही असाच होतो.

आता व्होल्टचा हिशेब. कपॅसिटरमधली ऊर्जा म्हणजे धारकतेची (विद्युतभार साठवायच्या क्षमतेची, ती फॅरडमध्ये मोजतात) निमपट गुणिले व्होल्टचा वर्ग. ०.०५ मायक्रोफॅरड आणि २००० व्होल्ट धरले तर ती भरते ०.१ ज्यूल. एवढ्यानं माणूस दचकतो, हात झटकतो. पण साठा तिथेच संपतो. प्लगमधले २३० व्होल्ट संपत नाहीत, त्यांच्यामागे अख्खं वीजकेंद्र उभं असतं. उलट, अडीच मिलिग्रॅमच्या डासातलं पाणी उकळीला आणायलाही अर्ध्या ज्यूलहून अधिक ऊर्जा लागेल. म्हणजे एका ठिणगीत डास शिजत नाही, ठिणगीच्या वाटेवरचा भाग तेवढा जळतो. ठिणगी नुसता पाय चाटून गेली तर डास खाली पडतो आणि थोड्या वेळानं उडूनही जातो. म्हणून बटण लगेच सोडू नका. दाबून ठेवलं की कपॅसिटर पुन्हा पुन्हा भरतो.

धोका आहे तो चार्जिंगच्या वेळी. स्वस्त बॅटमध्ये घरची वीज कमी करायला ट्रान्सफॉर्मर नसतो, फक्त कपॅसिटर आणि रेझिस्टर असतात. त्यामुळे चार्ज होताना आतलं सर्किट थेट २३० व्होल्टशी जोडलेलं असतं. प्लगला लावलेली बॅट कधीही फिरवू नये, आणि दांड्याला तडा गेला असेल तर ती टाकूनच द्यावी. दुसरा धोका ठिणगीचा. फ्रान्समध्ये २०२० साली एका वृद्ध गृहस्थांनी माशी मारायला अशीच बॅट चालवली. घरात गॅसची गळती होती, स्फोट झाला आणि स्वयंपाकघर उद्ध्वस्त झालं. गॅसचा वास येत असताना किंवा नुकताच स्प्रे मारलेला असताना बॅट हातात घेऊ नये.

आता बॅटच्या स्टँडवर निळा दिवा बसवून 'डास आपोआप ओढले जातात' अशी जाहिरात चालते. तिच्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत डेलावेअरमध्ये अशा दिव्यांच्या सापळ्यांत सापडलेले १३,७८९ कीटक तपासले, त्यांत चावणारे फक्त ३१ निघाले. बाकीच्यांत कितीतरी निरुपद्रवी आणि उपयोगी कीटक होते. मोबाइलवर 'डास पळवणारा आवाज' वाजवणारी ॲप्सही तितकीच निरुपयोगी आहेत. डासांची मादी आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि घामाचा वास यांच्या मागावर येते. तिला शोधायचं तर दिव्यापाशी नाही, पडद्यामागे, पलंगाखाली, टेबलाखाली पायांजवळ बॅट फिरवावी. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, म्हणून सकाळी आणि संध्याकाळ होण्याआधी तर नक्कीच.