माथेरान : पर्यटनावर जगणारे गाव

माथेरान हे रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातले, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे गिरिस्थान. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या जेमतेम साडेचार हजारांच्या घरात होती. गावात सांगण्यासारखी शेती नाही, कारखाना नाही. चूल पेटते ती मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांमुळे. पर्यटनाने एखाद्या समाजाचे पोट कसे भरते आणि त्याच समाजात भांडणे कशी लागतात, हे इथे उघड दिसते. कारण दुसऱ्या धंद्याची सरमिसळ नाही आणि मोटारगाडीला गावात मज्जाव आहे.

इंग्रजी दप्तरात माथेरानचा ‘शोध’ १८५० सालचा, ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नावे नोंदलेला. धनगर, ठाकूर आणि कातकरी यांच्या पायवाटा या डोंगरावर त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. पुढे इंग्रज अधिकारी, पारशी आणि बोहरी व्यापारी यांचे बंगले उठले आणि त्यांच्या दिमतीला खालून माणसे वर आली : हमाल, घोडेवाले, न्हावी, चांभार, माळी. आजच्या माथेरानकरांपैकी अनेकांचे पूर्वज यांच्यातलेच. स्वातंत्र्यलढ्यात सिद्धगडावर हुतात्मा झालेले भाई कोतवाल १९१२ साली माथेरानातच, एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मले. वकील झाले, इथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. १९०७ मध्ये मुंबईचे उद्योजक आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशातून उभी राहिलेली नेरळ-माथेरान छोटी रेल्वे सुरू झाली आणि बंगलेवाल्यांच्या या गावाची वाट सामान्य प्रवाशालाही मोकळी झाली.

माथेरानचे अर्थकारण समजून घ्यायचे तर दस्तुरी नाक्यावर उभे राहावे. मोटारी इथेच थांबतात. पुढे बाजारपेठेपर्यंतचा अडीच-तीन किलोमीटरचा लाल मातीचा रस्ता हीच गावाची खरी मिळकत. चालत जायचे नसेल तर घोडा, हातरिक्षा किंवा नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकावरून सुटणारी छोट्या रेल्वेची शटल, बॅगांसाठी हमाल. पाहुणा मुक्कामाला पोचण्याआधीच त्याच्याकडून चार-पाच घरांत पैसे गेलेले असतात. दुसऱ्या अनेक थंड हवेच्या ठिकाणी गाडी थेट हॉटेलच्या दारात जाते आणि खर्चाचा मोठा वाटा हॉटेलमालकाच्या गल्ल्यात पडतो. इथे वाहनबंदीमुळे तो वाटेवरच वाटला जातो. पर्यावरणासाठी असलेल्या या बंदीने गरिबाचे जितके भले केले, तितके एखाद्या रोजगार योजनेनेही क्वचितच केले असते. केंद्र सरकारने २००३ मध्ये माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि बंदीला कायद्याचा भक्कम आधार मिळाला.

पण हाच नाका तंट्याचेही मूळ आहे. नवख्या प्रवाशाला ‘पुढे फार लांब आहे, शटल बंद आहे’ असे सांगून घोड्यावर बसवणे, दर चढवून सांगणे, अशा तक्रारी वाढत गेल्या. फसलेला पाहुणा पुन्हा येत नाही आणि त्याचा फटका हॉटेलवाल्यापासून चिक्की-चप्पल विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांना बसतो. अखेर मार्च २०२५ मध्ये गावकऱ्यांनी याच प्रश्नावर माथेरान बंद पुकारला. पर्यटकांवर जगणाऱ्या गावाने पर्यटकांनाच दार लावून घ्यावे, यावरून आतली घुसमट किती होती ते कळते.

हातरिक्षा हा या कहाणीतला सगळ्यात दुखरा भाग. एक जण पुढचा दांडा धरून ओढतो, दोघे मागून ढकलतात. उतारावर तेच दोघे अंग मागे टाकून गाडी आवरून धरतात. पावसाळ्यात तांबड्या चिखलात टाच रुतते, उन्हाळ्यात धुळीने छाती भरते. अशा परवानाधारक हातरिक्षा ९४ होत्या. आत बसलेला पाहुणा त्यांना पैसे देतो हे खरे, पण माणसाने माणसाला ओढावे ही गोष्ट भाड्याच्या हिशेबात बसत नाही. ओढणाऱ्यांनाही ते कळत होते. म्हणून ई-रिक्षाची मागणी त्यांच्यातूनच पुढे आली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. शाळेत जाणारी मुले, म्हातारी माणसे, आजारी यांना त्याचा मोठा दिलासा मिळाला. मात्र सुमारे साडेचारशे घोड्यांवर पोट असलेल्यांनी कडाडून विरोध केला, आणि त्यांचे भय खोटे नाही. यंत्र आले की दस्तुरीचे भाडे पहिल्यांदा त्यांच्याच हातून जाते. घोड्याला तर गिऱ्हाईक असो-नसो रोजचा चारा आणि चणे लागतातच. २०२० च्या टाळेबंदीत घोडेवाल्यांची अवस्था म्हणूनच सर्वांत बिकट झाली होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेविरुद्ध असल्याचे ठरवून हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. गुजरातेत सरदार पटेलांच्या पुतळ्याजवळ, केवडियात चालतात त्या धर्तीवर ई-रिक्षा आणाव्यात, त्या प्रथम हातरिक्षा ओढणाऱ्यांना द्याव्यात आणि उरलेल्या आदिवासी स्त्रिया व इतर गरजूंना मिळाव्यात, असेही त्यात म्हटले आहे. गाडी चालवणाऱ्याच्याच ताब्यात ठेवण्याचा हा आग्रह महत्त्वाचा आहे. ई-रिक्षा ठेकेदाराच्या हाती गेल्या असत्या, तर दमणूक संपली असती आणि मिळकतही.

पर्यटनाची दुसरी किंमत महागाईच्या रूपाने मोजावी लागते. गॅस सिलिंडर, पिठाची पोती, भाजी, विटा, सारे काही दस्तुरीवरून घोड्याच्या पाठीवर किंवा हातगाडीने वर येते. त्यामुळे पाहुण्याला जो भाव लागतो, तोच थोड्याफार फरकाने इथल्या गृहिणीलाही. गावातल्या शार्लोट तलावाचे पाणी पुरत नाही, म्हणून पायथ्याच्या नेरळकडून उल्हास नदीचे पाणी पंपाने चढवावे लागते, आणि शनिवार-रविवारी ते नळातून आधी कुणाकडे पोचते हा गावात नेहमीचा वादाचा विषय असतो. सीझनवर सगळे अवलंबून असल्याने एखादी दरड वर्षाचे गणित बिघडवते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने रेल्वेमार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा खचला, तो ऑक्टोबर २०२२ पर्यंत पूर्ण खुला झाला नाही. जमिनीचीही झीज होते. घोड्यांच्या टापा आणि हजारो पावले यांनी वाटेकडेची माती सुटते आणि पावसाळा सरला की झाडांची मुळे हातभर उघडी पडलेली दिसतात.

डोंगराच्या कुशीतल्या आदिवासी वाड्यांचा उल्लेख पर्यटनाच्या माहितीत सहसा येत नाही. पहाटे अंधारात निघून ठाकूर आणि कातकरी बाया डोक्यावर सरपणाची मोळी किंवा फळांची पाटी घेऊन कडा चढतात. मे महिन्यात जांभळे-करवंदे पानाच्या द्रोणात मांडून पॉइंटच्या वाटेवर बसतात, विक्री झाली की त्याच वाटेने उतरतात. दिवसभराचा माल संपला तरी हाती येणारी रक्कम हॉटेलातल्या एका जेवणाच्या बिलाएवढीही नसते. यातल्या काही वाड्यांना अजून धड रस्ता नाही. आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावे लागते, आणि झोळीचा बांबू खांद्यावर घेणारे कित्येकदा तेच असतात, जे आदल्या दिवशी माथ्यावर पाहुण्यांच्या बॅगा वाहत होते.