काडी तीच, खुंट नवा

मागच्या पावसाळ्यात तासगावचे मामा तापानं फणफणले. सांगलीतल्या लॅबमधून डेंग्यूचा रिपोर्ट आला : आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह. मामा म्हणाले, "रोग एक आणि ही दोन नावं कसली रे?"

त्यांना त्यांच्याच बागेतलं सांगितलं. "मामा, डॉगरीजच्या खुंटावर तुम्ही थॉमसनचं कलम भरता. द्राक्ष कुठलं येणार ते काडी ठरवते, पाण्याचा ताण कोण सोसणार ते खुंट." आयजीएम आणि आयजीजी हे रोगाशी लढणाऱ्या प्रतिपिंडाचेच (अँटीबॉडीचे) दोन प्रकार, आणि प्रतिपिंडाचंही असंच आहे. त्याची टोकं विषाणूला धरतात आणि दांडा पुढचं काम ठरवतो. प्रतिपिंडं बनवणारी रक्तातली पांढरी पेशी, म्हणजे बी पेशी, आधी आयजीएम बनवते. पुढे टोक तेच ठेवून दांडा बदलते. आयजीजीचा दांडा असला तर प्रतिपिंड वारेतून बाळापर्यंत पोचतं, आयजीएचा असला तर आईच्या दुधात उतरतं.

हा बदल होतो थेट डीएनएत, आणि मला तो विलक्षण वाटतो. चौदाव्या गुणसूत्रावर दांड्यांची नऊ जनुकं ओळीनं बसलेली असतात : पहिलं आयजीएमचं म्यू, मग डेल्टा, पुढे गॅमा (आयजीजीची), अल्फा (आयजीएची), एप्सिलॉनची मिळून सात. टी पेशीचा, म्हणजे दुसऱ्या एका पांढऱ्या पेशीचा, इशारा मिळाला की एआयडी नावाचं विकर (एन्झाइम) कामाला लागतं. ते म्यूच्या अलीकडच्या आणि निवडलेल्या जनुकाच्या अलीकडच्या पट्ट्यात सायटोसिन या डीएनएच्या अक्षराचं युरॅसिल करतं. डीएनएत युरॅसिलला जागा नाही. ते काढायला दुरुस्तीची विकरं धावतात आणि त्या धांदलीत दोन्ही ठिकाणी धागा तुटतो. मधला तुकडा गळून पडतो, उरलेली टोकं सांधली जातात.

जपानच्या तासुकु होन्जो यांनी तुकडा गळतो हे 1978 मध्ये मांडलं; एआयडी त्यांच्याच प्रयोगशाळेत 1999 मध्ये सापडलं. ज्यांच्यात हे विकर जन्मतःच बिघडलेलं असतं, त्यांच्या रक्तात आयजीएम भरपूर, आयजीजी मात्र नगण्य, आणि जंतुसंसर्ग पाठ सोडत नाहीत. उलट तुटलेलं टोक चुकून आठव्या गुणसूत्रावरच्या मिक जनुकाशी जोडलं गेलं, तर बर्किट लिम्फोमासारखा कर्करोग उद्भवू शकतो. स्वतःचाच डीएनए तोडायची एवढी जोखीम शरीर प्रत्येक आजारपणात पत्करतं!

महिन्याभरानं मामांचा आयजीजी पॉझिटिव्ह आला. "आता त्या पेशी परत आयजीएम करतील?" त्यांनी विचारलं. नाही करणार. म्यूचा तुकडाच गेला. नवा विषाणू आला की दुसऱ्या, कोऱ्या बी पेशी पुन्हा आयजीएमपासून सुरुवात करतात.