वचनाचा आकडा गायब? प्रत परत पाठवण्याआधी हे वाचा

बायबलच्या नव्या करारातला मत्तयाचा १७ वा अध्याय उघडा. काही आवृत्त्यांत २० व्या वचनानंतर थेट २२ वे येते. मग २१ वे कुठे गेले, असे विचारणारे फोन आम्हाला वरचेवर येतात. एका ग्राहकाने तर प्रेषितांची कृत्ये ८:३६ आणि ८:३८ यांच्या मध्ये लाल पेनाने भलेमोठे प्रश्नचिन्ह काढून प्रत परत पाठवली होती. प्रतीत काहीच चूक नव्हती. तेव्हापासून प्रत्येक अभ्यास-बायबलसोबत आम्ही हे पत्रक घालतो.

गोम अशी की वचनांना आकडे आधी पडले आणि जुनी हस्तलिखिते अभ्यासकांच्या हाती नंतर आली. आजची अध्यायांची विभागणी १३ व्या शतकातली. नव्या कराराच्या वचनांना आकडे दिले रोबेर एतियेन या मुद्रकाने, १५५१ साली. त्याच्यापुढची ग्रीक संहिता, म्हणजे मजकूर, बरीचशी इरॅस्मस या डच विद्वानाच्या छापील आवृत्तीवरून आलेली होती. ती आवृत्ती १५१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला निघाली, मोजक्याच आणि बऱ्याच उशिराच्या हस्तलिखितांवरून. प्रकटीकरण या नव्या करारातल्या शेवटच्या पुस्तकाचे तर एकच हस्तलिखित इरॅस्मसला मिळाले होते आणि त्याचे शेवटचे पान गहाळ होते. मग ती वचने त्याने लॅटिनवरून स्वतःच ग्रीकमध्ये उतरवली. छापखान्याची घाई तेव्हाही असायचीच!

पुढे १८४४ मध्ये टिशेनडॉर्फ या जर्मन अभ्यासकाला सिनाय पर्वताच्या पायथ्याशी, सेंट कॅथरिनच्या मठात, ४ थ्या शतकातल्या एका ग्रीक बायबलची पाने मिळाली. तेच कोडेक्स सिनायटिकस. व्हॅटिकनच्या ग्रंथालयातले त्याच शतकातले दुसरे हस्तलिखितही १९ व्या शतकातच अभ्यासकांना नीट वापरता आले. तुम्ही शोधत असलेली ती वचने या दोन्हींत नाहीत. म्हणून नव्या आवृत्त्यांनी ती मजकुरातून काढून तळटीपेत नेली. आकडे मात्र हलवले नाहीत. हलवले असते तर जगातली सगळी भाष्ये आणि शब्दसूची एका फटक्यात निकामी झाल्या असत्या.

पण मुळात ही वचने आली कुठून? योहान ५:४ घ्या. बेथेस्दा तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेला माणूस पडलेला आहे. ७ व्या वचनात तो म्हणतो, पाणी हलते तेव्हा मला तळ्यात सोडायला कोणी नाही. वाचणाऱ्याला लगेच प्रश्न पडतो, पाणी हलते म्हणजे काय? ४ थे वचन नेमके तेच सांगते: देवदूत उतरून पाणी ढवळायचा आणि पहिला उतरणारा बरा व्हायचा. हे वचन सर्वांत जुन्या प्रतींत नाही. नंतरच्या काही प्रतींत आहे, पण शंकेच्या खुणा करून. बहुधा कुणीतरी समासात खुलासा लिहिला आणि पुढच्या लेखनिकाने तो मजकुरात घेतला. त्याला दोष कसा द्यायचा? नक्कल करताना सुटलेली ओळही समासातच लिहीत. खुलासा कुठला आणि राहिलेली ओळ कुठली, हे त्याने ओळखावे कसे?

मत्तय १७:२१ चे वळण थोडे वेगळे. मार्क ९:२९ मध्ये तसेच वाक्य आहे, तिथून ते इकडे आले असावे. मार्क ९:४४ आणि ९:४६ म्हणजे ४८ व्या वचनाचीच पुनरावृत्ती.

म्हणून हस्तलिखितांतल्या वेगवेगळ्या पाठांपैकी (मजकुराच्या रूपांपैकी) लहान तेवढा खरा, असे मात्र समजू नका. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत दोन शब्दांमध्ये जागाच सोडलेली नसते. दोन ओळींचा शेवट सारखा असला की लेखनिकाची नजर पहिलीवरून दुसरीवर घसरते आणि मधला मजकूर गळतो. त्यामुळे प्रत्येक जागेचा निवाडा वेगळा करावा लागतो. अभ्यासक यालाच पाठचिकित्सा म्हणतात.

मार्क १६:९–२० आणि योहान ७:५३–८:११ हे दोन मोठे उतारे बहुतेक ठिकाणी चौकटी कंसात दिसतील. वरच्या दोन्ही जुन्या हस्तलिखितांत ते नाहीत, पण शतकानुशतके वाचले गेल्यामुळे पानावर ठेवले आहेत. आमचे मत विचाराल तर कंस पाहून पान उलटू नका. तळटीपेसकट वाचा.

तळटीपेत ‘काही प्राचीन प्रतींत हे वचन नाही’ असे असेल तर तिथे ‘प्रती’ म्हणजे हस्तलिखिते, आमच्या दुकानातल्या नव्हेत. (हाही फोन येऊन गेला आहे.) गटात वाचताना शेजाऱ्याच्या जुन्या भाषांतरात हे वचन असेल आणि तुमच्यात नसेल, तर दोन्ही प्रती ठीक आहेत. त्यांच्यामागची संहिता वेगळी आहे.

खरी छपाईची चूक ओळखायची तर वचनाचा आकडा सोडून पानाचा आकडा बघा. पान ४१६ नंतर ४३३ आले, तीच पाने दोनदा आली किंवा एखादा फर्मा (एकत्र घडी घालून शिवलेल्या पानांचा गठ्ठा) उलटा शिवला गेला असेल, तर त्या पानांचा आणि पहिल्या पानाचा फोटो पाठवा. प्रत बदलून देऊ. पेनाच्या खुणा असल्या तरी चालेल.