दंडातली मोजपट्टी

परवा शिवाजी पेठेतल्या एका तालमीत बैठका मारून घामाघूम झालेल्या पोरानं मला विचारलं, "सर, पावडर घेतली की दंड भरतोय न्हवं?" पोत्यात भुसा भरावा तसं प्रथिन स्नायूत जाऊन बसतं, ही समजूत मी नेहमी ऐकतो. पायाचं सूप प्यायलं की गुडघे बळकट होतात, हीही तिचीच बहीण. पोटात गेलेल्या प्रथिनाचे आधी तुकडे होतात, म्हणजे त्याची घटक असलेली अमिनो आम्लं सुटी होतात, आणि ती सगळ्या शरीरात वाटली जातात. डब्यावर दंडाचं चित्र आहे म्हणून ती दंडाची वाट धरत नाहीत.

स्नायूचं बळ त्याच्या मांडणीत आहे. पांढऱ्या रश्श्यातला मटणाचा तुकडा बोटांनी उकलला की दोरे सुटतात. हे दोरे म्हणजे लांबट पेशींच्या जुड्या. प्रत्येक पेशीत बारीक तंतू, आणि तंतूत एकापुढे एक जोडलेले 'सार्कोमिअर' नावाचे कप्पे. एक कप्पा साधारण 2.2 मायक्रोमीटरचा, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये साडेचार हजारांच्या आसपास! कप्प्याच्या दोन्ही टोकांना झेड चकत्या, त्यांतून आत आलेले अॅक्टिन या प्रथिनाचे पातळ तंतू आणि मधोमध मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाचे जाड तंतू. स्नायू आखडताना ते एकमेकांत सरकतात, स्वतःची लांबी न बदलता, हे 1954 मध्ये समजलं.

पण जाड तंतू बरोबर मध्येच कसा राहतो? इथे येतं माझं लाडकं प्रथिन, टायटिन. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत दीडशेहून कमी अमिनो आम्लं असतात, टायटिनमध्ये तीस हजारांच्या पुढे. त्याचा एकच रेणू झेड चकतीपासून कप्प्याच्या मध्यरेषेपर्यंत पोहोचतो. चकतीकडचा भाग स्प्रिंगसारखा ताणतो. पुढचा भाग मायोसिनला चिकटून असतो, आणि त्यातल्या घड्यांचा नमुना दर 43 नॅनोमीटरला पुन्हा येतो, जणू मोजपट्टीवरच्या खुणा. दोन्ही बाजूंच्या टायटिनची ओढ सारखी, म्हणून जाड तंतू मध्यावर.

1986 मधला एक प्रयोग मला फार आवडतो. स्नायूवर किरणोत्सर्गी मारा केला. रेणू जितका मोठा, तितका त्याच्यावर घाव बसण्याचा संभव जास्त, म्हणून टायटिन आणि नेब्युलिन हे दोन राक्षसी रेणू आधी तुटले. अॅक्टिन-मायोसिन बरेचसे शाबूत होते. तरी ताणलेल्या स्नायूची परतीची ओढ घटली आणि जाड तंतू जागेवरून घसरले. माल तोच होता, बांधणी गेली होती.

त्या पोराची मांडी दुसऱ्या दिवशी ठणकत होती. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू भार पेलत लांबतो, आणि सवय नसेल तर असा ताण झेड चकत्यांना सोसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली अशा चकत्या नागमोडी, विस्कटलेल्या दिसतात. पुढचे काही दिवस पेशी त्या पुन्हा सरळ रचते.