ऐनावरची अळी

यवतमाळ-अकोल्याच्या कपाशी पट्ट्यात अळी म्हटले की बोंडअळी आठवते आणि हात फवारणीच्या पंपाकडे जातो. त्याच विदर्भाच्या पूर्वेला, गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी परिसरात, ढिवर समाजाची कुटुंबे मात्र पिढ्यान्‌पिढ्या अळी राखत आली आहेत. ही अळी टसर रेशमाची.

तुतीवरचा रेशीमकिडा हजारो वर्षांच्या पाळणुकीने इतका परावलंबी झाला आहे, की त्याच्या पतंगाला उडताही येत नाही. टसरचा किडा अजून रानाचाच आहे. त्याच्या अळ्या ऐनाच्या किंवा अर्जुनाच्या उभ्या झाडावर सोडतात आणि मग पावसाळी पिकात महिना-सव्वा महिना पाखरे, मुंग्या, गांधीलमाश्या आणि अळीच्या अंगावर अंडी घालणारी उझी माशी यांच्यापासून त्यांची राखण करावी लागते. चार वेळा कात टाकून बोटाएवढी झालेली अळी फांदीभोवती चिवट देठाचा वेढा घालते आणि त्याला लोंबता कोसा विणते. कोशाचे कवच इतके टणक असते, की बाहेर पडताना पतंगाला तोंडातून विकर सोडून ते मऊ करावे लागते. असा फुटलेला कोसा सलग धागा देत नाही, म्हणून बियाण्यापुरते कोसे राखून बाकीच्यांतील जीव आधीच उष्णतेने मारावा लागतो. नागपूर-भंडाऱ्याच्या करवतकाठी साडीचे टसर अशाच कोशांतून येते.

या व्यवसायाचे मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की येथे झाड तोडून नव्हे, तर उभे ठेवून पैसा मिळतो. ऐनाचे लाकूड एकदाच विकता येते. त्याच्या पाल्यावर कोशांचे पीक दरवर्षी घेता येते. मात्र टसरची अळी आणि बोंडअळी या दोन्ही पतंगवर्गातल्याच असल्याने, शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने ऐनापर्यंत आली तर ती दोघींत भेद करीत नाही.

दुसरा धोका पेब्रिन या रोगाचा. तो मादीकडून अंड्यांत उतरतो आणि डोळ्यांना दिसत नाही. बियाण्याचे कोसे माळा करून टांगतात; आतला जीव हिवाळा-उन्हाळा निद्रेत काढतो आणि पावसाच्या सुमारास पतंग होऊन बाहेर येतो. मादीने अंडी घातली की तिला कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि रोगाचे बीजाणू दिसल्यास तिची सर्व अंडी नष्ट करतात. लुई पाश्चर यांनी 1860 च्या दशकात फ्रान्समधल्या रेशीम उत्पादकांसाठी बसवलेली ही रीत आहे, आणि ऐनावर चढणारी निरोगी अळी आजही तिच्यातूनच निवडून येते.