‘इट’ (१९२७) : आधी बिरुद विकलं, मग सिनेमा

पॅरामाउंट स्टुडिओचा ‘इट’ हा मूकपट फेब्रुवारी १९२७ मध्ये न्यूयॉर्कला लागला, तेव्हा त्याची नायिका क्लॅरा बो नवखी नव्हती. ब्रुकलिनच्या गरीब घरातली ही मुलगी १९२१ मध्ये सिनेमासिकांची ‘फेम अँड फॉर्च्युन’ स्पर्धा जिंकून पडद्यावर आली होती. आदल्याच वर्षी ‘मॅनट्रॅप’ने तिला नावही मिळवून दिलं होतं. उणीव होती ती एका बिरुदाची.

ते आलं ब्रिटिश कादंबरीकार एलिनॉर ग्लिन यांच्याकडून. ‘इट’ म्हणजे रूपापलीकडची, समोरच्याला खेचून घेणारी ओढ. या कल्पनेसाठी स्टुडिओने त्यांना ५० हजार डॉलर मोजल्याचं सांगतात. घेतलं ते मुख्यतः नाव. ‘कॉस्मोपॉलिटन’मधल्या त्यांच्या कथेशी सिनेमाच्या गोष्टीचा फारसा संबंध नाही.

तरीही ते मासिक पडद्यावर आहे! नायकाचा मित्र माँटी ते वाचतो आणि लगेच स्वतःत ‘इट’ आहे का ते तपासू लागतो. पुढे खुद्द ग्लिन उपाहारगृहात येऊन व्याख्या सांगतात. म्हणजे सिनेमा मासिकाची जाहिरात करतो आणि मासिक सिनेमाची. इतकी चोख गुंफण आजही क्वचितच जमते.

नायिका बेटी लू ही मोठ्या दुकानातली विक्रेती. रिट्झ या उंची हॉटेलात जेवायला जायचं तर पोशाख नाही, मग अंगावरच्या कामाच्या फ्रॉकलाच ती कात्री लावते. गळा उतरतो, पांढरी कॉलर जाते आणि संध्याकाळचा पोशाख तयार होतो. नोकरी करणाऱ्या मुलींपर्यंत पोचायला याहून नेमकी जाहिरात कुठली?

त्या काळी थिएटरवाले स्टुडिओचे सिनेमे बरेचदा न पाहताच गठ्ठ्याने घेत, त्यामुळे विकायला हाताशी असे ते ताऱ्याचं नाव. प्रचारासाठी त्यांना प्रेसबुक मिळे. त्यात तयार बातम्या, दुकानांशी जोडून जाहिराती करण्याच्या युक्त्या आणि जाहिरातींचे नमुने असत. त्यातून निवडलेल्या जाहिरातीचा कागदी लगद्याचा साचा मागवायचा. वर्तमानपत्राचा छापखाना त्यात शिशाचा रस ओतून ठसा काढी. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर छायाचित्रातल्या बारीक छटा बुजत, चेहरा काळवंडे. म्हणून रेषाचित्रं जास्त भरवशाची. दर्शनी भागासाठी २७ × ४१ इंची पोस्टर आणि ११ × १४ इंची लॉबी कार्डं असत.

बिरुद चिकटलं ते कायमचं. जानेवारी १९२९ मध्ये क्लॅराला चाहत्यांची ४५ हजारांहून अधिक पत्रं आल्याची नोंद सांगितली जाते. पण ‘इट गर्ल’ म्हणून विकलेल्या मुलीचं खासगी आयुष्यही लोकांना विक्रीलाच ठेवल्यासारखं वाटू लागलं. त्यातून झालेल्या बदनामीने ती पार खचली आणि १९३३ नंतर पडद्यापासून दूर झाली. तिच्या विनोदाचं टायमिंग, क्षणात पालटणारे डोळे यांची चर्चा व्हायला हवी होती. बिरुदाने ती झाकून टाकली.

‘इट’ बराच काळ हरवलेला मानला जात होता. १९६० च्या दशकात प्रागमध्ये त्याची प्रत सापडली आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला. पोस्टरं मात्र दुर्मीळच. ती थिएटरांना भाड्याने मिळत, एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत आणि फाटली की टाकून दिली जात.